दिवाडीहून मेजर

मिनीन नोरोन्याकडे तीन ट्रॅक्टर होते,
तिन्ही माझ्याहून थोरले.
पुतू मेस्त फेरीवरच म्हणाला होता,
"रंगाक भुलूं नाका, बाय,"
आणि स्वतःच जाऊन उभा राहिला
लाल इंटरनॅशनलपाशी,
ज्याच्या बॉनेटमध्ये त्याची टोपी स्पष्ट दिसत होती.

पहिल्या सेल्फला सुरू. माडावरचे कावळे उडाले.
मी म्हटलं, हलका आहे.
ओझं लागलं की नाक वर करील,
मागच्या दोन चाकांवर नाचेल,
लोक शिट्ट्या मारतील
आणि आपण वीस मीटरांवर.
गेल्या वर्षी मी सत्तावन्नवर अडकले होते.
त्याआधी शिट्ट्या मलाही मिळाल्या होत्या.

दुसरा करडा फर्ग्युसन. गुणी.
खाजनात चिखल करावा, घरी यावं, धुऊन घ्यावं.
त्याला शर्यतीत उतरवणं म्हणजे
भूमितीच्या मास्तरांना आखाड्यात ढकलणं.

तिसरा मांगराच्या मागे. सीटवर कोंबडी.
"तिला उठवू नका," मिनीन म्हणाला,
"पिल्लं निघायला चार दिवस आहेत."
म्हणून फोर्डसन मेजर आम्ही तपासला
कोंबडीच्या परवानगीच्या हद्दीत.

हुकाची उंची: दोन विती, चार बोटं.
दोन आसांमधलं अंतर पुतूने पावलांनी मोजलं, मग उलट मोजलं,
कारण त्याचा उजवा पाय आखूड पडतो
सारमानसच्या धक्क्यावर बार्जचा दोर लागला तेव्हापासून.
डिपस्टिकवरचं तेल बोटांत चोळलं. पाणी नाही.
खाऱ्या हवेने मडगार्डची जाळी केली होती,
पण मडगार्ड काही ओढत नाही.

साल विचारलं. नियमाने पासष्टच्या आधीचा लागतो.
मिनीनने बिस्किटांच्या डब्यातून कागद काढला,
मुरगावच्या बंदराचा, पोर्तुगीज,
त्यातलं मला वाचता आलं ते फक्त १९५८.

"ओढणार काय?"
घसरगाडी, म्हटलं. खाणीचे उरलेले दगड भरून.
दर दहा मीटरांवर कडेचा एक माणूस तिच्यावर चढतो,
जितकं पुढे जाल तितका गाव जड.
"आणि शंभर मीटरांवर?"
सगळे उतरतात.
तो बराच वेळ हसला. मग म्हणाला,
"एकतीस वर्षं ह्याने भात दिलं.
आता एक दिवस काहीच नको देऊ दे."

कोंबडी शेवटी टोपलीत गेली, अंड्यांसकट,
मिनीनच्या बायकोच्या शिव्यांसकट.
मग खरी परीक्षा:
सर्वांत वरचा गिअर, इंजिन संथ,
पाय ब्रेकवर, क्लच हळूहळू सोडायचा.
इंटरनॅशनल याच प्रश्नाला दोन सेकंदांत बंद पडला होता.
मेजरने मान खाली घातली.
एकदा काळा धूर. ठोके मोजता येतील इतके सुटे झाले,
एक,
आणि एक,
आणि,
मला वाटलं गेला.
आणि एक.

पुतूने टोपी काढून डोकं खाजवलं.
किंमत मी जास्त दिली, हे दोघांनाही माहीत होतं.

नार्वेच्या फेरीवाल्याने स्कूटर उतरवल्या,
मासळीवाली मात्र उतरली नाही.
मेजर चढला तशी फेरी एका अंगाने कलली,
रंगाचा पट्टा पाण्याखाली गेला,
मी कठड्यावरून वाकून बघितलं: चार बोटं. पाच.
वजनकाट्याचे पैसे वाचले.
"आमका बुडयतले गे हे," मासळीवाली म्हणाली
आणि आपली पाटी दुसऱ्या बाजूला सरकवली,
तोल सांभाळायला, बहुधा मस्करीत.

पलीकडे उतरताना सीटच्या स्प्रिंगांमध्ये हात गेला.
एक अंडं राहून गेलं होतं. कोमट.
परतीची फेरी सुटलेली.
ते मी ओढणीत गुंडाळून पोटाशी धरलं
आणि पिळगावपर्यंत
अडीच टन लोखंड
दुसऱ्या गिअरच्या वर नेलं नाही.
मागे हॉर्न वाजत राहिले.